न आलेलं रडू

पंचविशीपासून माझं नाक वाहत होतं. सर्दी नव्हे. सर्दी येते आणि जाते. हे सकाळी अंथरुणात उठून बसायच्या आत सुरू व्हायचं. आधी शिंकांची माळ, मग पाण्यासारखं नाक, ते थेट दुपारपर्यंत. आम्ही लालबागला राहतो, मसाल्याच्या दुकानांपासून हाकेच्या अंतरावर. उन्हाळ्यात मिरच्या कुटायचे डंक सुरू झाले की आमच्या इमारतीत कुणीच खिडकी उघडत नाही. तेव्हा सगळेच शिंकतात, पण ते शिंकून मोकळे होतात. माझं पावसाळ्यातही चालू, थंडीतही चालू.

मी परळच्या एका शाळेत मराठी शिकवते. फळ्याकडे तोंड करून लिहीत असले की मागून कुणीतरी माझ्या शिंकेची हुबेहूब नक्कल करायचं आणि वर्ग हसायचा. मी वळायचे नाही. नाक पुसता पुसता रागावता येत नाही. मुलांचं मी फारसं मनावर घेतलं नाही. मनावर घेतलं ते नवऱ्याचं. तो वाईट माणूस नाही, तेव्हाही नव्हता. पण सकाळी मी शिंकायला लागले की तो चहाचा कप आणि पेपर उचलून निमूटपणे गॅलरीत जाऊन बसायचा. एकदाही काही बोलला नाही. त्याच्या त्या उठून जाण्याचा मला इतक्या वर्षांत जेवढा त्रास झाला तेवढा नाकाचाही झाला नसेल.

गोळ्या झाल्या, फवारे झाले, काढे झाले, वाफारे झाले. मग नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी दादरचे एक नाकाचे सर्जन सांगितले आणि त्यानेच वेळ घेतली. सर्जन चाळिशीतले, आदबीने बोलणारे. मराठीतून बोलले याचंच मला केवढं बरं वाटलं. त्यांनी कागदावर नाकाचं चित्र काढून दाखवलं. नाकाला पाणी सोडायचा हुकूम देणारी एक बारीक नस असते, ती दुर्बिणीतून कापायची, की नळ बंद. मी विचारलं की याचा दुसरा काही त्रास होतो का. ते म्हणाले, "काही दिवस डोळे जरा कोरडे वाटतील. ड्रॉप्स देऊ."

त्यांच्या त्या 'जरा'वर मी विश्वास ठेवला. मी भाषा शिकवते. कुठल्या शब्दाआड काय लपतं हे मुलांना समजावून सांगते. पण समोर पांढरा कोट असला की माणूस सगळं व्याकरण विसरतो.

दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. नाकात कोंबलेलं पॅकिंग काढलं तेव्हा जीव गेल्यासारखं झालं, पण त्यानंतरचे काही दिवस मी सुखात होते, ते नाकारून उपयोग नाही. सकाळ झाली की मी शिंकेची वाट बघत बसायचे आणि शिंक यायची नाही. नवरा माझ्या शेजारी बसून पेपर वाचायला लागला. मी आईला फोन करून सांगितलं की नाक बंद झालं. ती तिच्या मालवणीत म्हणाली, "बंद नको गो म्हणू. बरा झाला म्हण."

डोळ्यांची सुरुवात पंख्यापासून झाली. पंख्याखाली बसले की कुणीतरी डोळ्यांत चिमूटभर रांगोळी टाकल्यासारखं व्हायचं. धुतलं की क्षणभर बरं, मग पुन्हा तेच. सकाळी पापण्या डोळ्यांना चिकटलेल्या असायच्या. घाईने उघडल्या तर साल सोलल्यासारखी कळ यायची, म्हणून बोटाने हळूहळू सोडवून घ्यायच्या. वर्गात खडूची भुकटी, घरी फोडणीचा धूर. वह्या तपासताना अक्षरं फुटायची, पापणी मिटली की क्षणभर जुळायची, पुन्हा फुटायची. माझी पापणी डोळ्यावरून सरकायची बंद झाली होती. ती घासायची.

मी सर्जनांकडे परत गेले. त्यांनी नाकात दुर्बीण घातली आणि पडद्यावर माझंच नाक आतून मला दाखवलं. किती छान भरून आलंय बघा, असं ते सांगत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीचा आनंद होता. मी डोळ्यांचं सांगितलं. ते म्हणाले, मोबाइल कमी करा. पुढच्या वेळी गेले तेव्हा म्हणाले, या वयात बायकांना होतं असं. त्याच्या पुढच्या वेळी ते बाहेरगावी होते आणि त्यांच्या मदतनीस डॉक्टरने ड्रॉप्सचं दुसरं नाव लिहून दिलं. ऑपरेशनच्या आधी एकदाही मला त्यांच्याकडे खोळंबावं लागलं नव्हतं. आता माझा नंबर नेहमी शेवटचा असायचा.

शेवटी शाळेतल्या एका सहकारी बाईंनी शिवाजी पार्कजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वयस्कर होत्या, कमी बोलायच्या. त्यांनी खालच्या पापणीत कागदाची एकेक बारीक पट्टी अडकवली आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. डोळ्यांतल्या पाण्याने पट्टी किती भिजते ते त्यातून कळतं. थोड्या वेळाने त्यांनी पट्ट्या काढून उजेडात धरल्या. दोन्ही कोऱ्या होत्या. शाळेत दांडी मारणाऱ्या मुलाचा पेपर असतो तशा.

त्यांनी विचारलं की हल्ली कसलं ऑपरेशन झालंय का. मी सांगितलं. त्यांनी पट्ट्या बाजूला ठेवल्या. मग म्हणाल्या, "ही नस फक्त नाकाची नसते. डोळ्यांना पाणी पोचवणारे धागेसुद्धा तिच्यातूनच जातात. एक कापली की दोन्हीकडचं जातं. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

मी म्हटलं, "जरा कोरडे वाटतील म्हणाले होते."

त्या खाली मान घालून केसपेपरवर लिहायला लागल्या. एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरविषयी एवढंच बोलतो, हे मला त्या दिवशी कळलं. परत येईल का, असं विचारल्यावर म्हणाल्या की काहींचं वर्षा-दीड वर्षात थोडंफार येतं, काहींचं येत नाही. डोळा अगदीच उघडा पडत नाही, पापणीतल्या छोट्या ग्रंथी थोडा ओलावा देत राहतात. पण धूर गेला तर येणारं पाणी, कांद्याचं पाणी, रडतानाचं पाणी, ते सगळं त्या नसेच्या हुकमावर असतं. हे शेवटचं त्यांनी सांगितलं तेव्हा मी नीट ऐकलंसुद्धा नाही. माझं भांडण जळजळीशी होतं. रडायचा प्रश्न माझ्यापुढे नव्हता.

मग माझं नवीन आयुष्य सुरू झालं. डोळ्यांच्या कोपऱ्यात पाणी वाहून जायची बारीक भोकं असतात. डॉक्टरीणबाईंनी त्यांत इवलीशी बुचं बसवली, म्हणजे जे काय येतंय ते तरी डोळ्यात थांबावं. दिवसभर ड्रॉप्स, झोपताना मलमासारखं जेल, सकाळी कोमट ओल्या रुमालाचा शेक. बाहेर जाताना बाजूनेही झाकलेला गॉगल. टॅक्सीत काच खाली केली तर मला चालायचं नाही आणि वर करून एसी लावला तर तोही चालायचा नाही. संध्याकाळी दादरच्या चौपाटीवर माणसं वारा खायला जातात, मी त्या वाऱ्याला पाठ देऊन उभी राहायचे. वर्गात शिंकेची नक्कल थांबली आणि गॉगलवरून नवीन नाव पडलं.

घरात पंख्यावरून कुरबूर सुरू झाली. मुंबईत पंख्याशिवाय कोण झोपणार? नवऱ्याने काही दिवस सहन केलं, मग आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली, टेबलफॅनसमोर. हळूहळू तो सकाळी उठल्यावर तिकडूनच परस्पर गॅलरीत जायला लागला. म्हणजे शिंका गेल्या, डोळे गेले, आणि पेपर होता तिथेच परत गेला.

एप्रिल आला. डंक सुरू झाले. पूर्वी मिरचीची धूळ आली की नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं आणि आम्ही सगळे रडवेले होऊन एकमेकांना हसायचो. आता धूळ डोळ्यात जायची आणि तिथेच राहायची. धुऊन काढायला आतून काही यायचंच नाही. शेजारीण जिन्यात पदराने डोळे टिपत होती, आणि मला तिचा हेवा वाटला. मिरचीने डोळ्यांत पाणी आलेल्या बाईचा.

माझी आई गिरगावात दादाकडे असायची, म्हणजे माझ्या मोठ्या भावाकडे. त्याच खोलीत आम्ही वाढलो. बाबा गेल्यावर दादा आणि वहिनीने तिला सांभाळलं, यात मी कधी काही बोलले नाही, आजही बोलणार नाही. मी रविवारी जायचे. आई मालवणकडची, मुंबईत सगळं आयुष्य काढून घरात तिची भाषा तीच राहिली. ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा गेले तेव्हा सगळ्यांनी नाकाची चौकशी केली. आईने माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं.

"डोळे सुके कित्या गो तुझे?" तिने विचारलं. तिला एवढंच विचारायचं होतं, की ते असे कोरडे का दिसतायत.

सर्जनला जे दिसलं नाही ते मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या ऐंशीच्या बाईला दिसलं. पुढे डॉक्टरीणबाईंकडून कळल्यावर मी तिला सगळं सांगितलं, नसेचं, धाग्यांचं. तिला किती समजलं कोण जाणे. पण त्यानंतर आमचा एक नेम झाला. जेवणं झाली, दादा-वहिनी आत कलंडले की आम्ही दोघी खिडकीशी बसायचो. मी तिच्या डोळ्यांत तिचे ड्रॉप्स घालायचे आणि मग ती माझ्या डोळ्यांत माझे. तिचा हात थरथरायचा. निम्मे थेंब गालावर, एखादा कानात. मी म्हणायचे, आई, मी घेते माझं माझं. ती ऐकायची नाही. "वर बघ," म्हणायची, आणि तोंड जरासं उघडून, श्वास रोखून, नेम धरायची. थेंब पडला की पापणीवर बोट ठेवून बसायची. तिचं बोट नेहमी थंड असायचं. त्या सगळ्या वर्षात माझ्या डोळ्यांना जर कुठे आराम मिळाला असेल तर तो तिथे.

ती गेली ती छातीतल्या कफाने. हॉस्पिटलात नेलं, सुधारतेय असं वाटलं, आणि एका सकाळी दादाचा फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा तिला घरी आणून पॅसेजमध्ये ठेवलं होतं. चाळीतल्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. वहिनी हमसून हमसून रडत होती. उदबत्त्यांचा एवढा धूर होता की तिथे पाऊल टाकल्याबरोबर माझे डोळे पेटले.

मी आईजवळ बसले. तिच्या पायावर हात ठेवला आणि मला रडू आलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, मला रडू आलं. घसा आवळला, छाती वरखाली व्हायला लागली, तोंड वेडंवाकडं झालं. फक्त पाणी आलं नाही. आजवर मला कधी कळलं नव्हतं की रडण्याचा शेवट पाण्याने होतो. पाणी येतं म्हणून ते कुठेतरी संपतं. माझं संपेना. ते चेहऱ्यावरच अडकून राहिलं. पाणी नसलेलं रडणं बाहेरून कसं दिसतं हे मला समोर बसलेल्या एका मुलीने शिकवलं. ती आपल्या आईच्या कानाला लागली, पण पॅसेज अरुंद, मला ऐकू आलं. ती विचारत होती, त्या मावशी हसतायत का.

मी पदर तोंडावर ओढला. नंतर पदर काढला तेव्हा चेहरा दगडासारखा करून टाकला होता. हसल्यासारखं दिसण्यापेक्षा ते बरं. बायका बघत होत्या. एक लांबची आत्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, रड बाई, मोकळी हो. मी मान हलवली. थोड्या वेळाने नवरा मागून वाकला. त्याच्या मुठीत माझी ड्रॉप्सची बाटली होती.

"दोन थेंब टाकून घे," तो हळू आवाजात म्हणाला. "लोक बघतायत."

त्याला माझे डोळे जळताना दिसले असते आणि त्याने बाटली दिली असती, तर मी त्याची जन्मभर ऋणी राहिले असते. डोळे जळतच होते. पण त्याने दिली ती लोकांसाठी. मी बाटली घेतली नाही. स्मशानात नेईपर्यंत तशीच बसून राहिले, त्या धुरात, एकही थेंब न टाकता. संध्याकाळी उजव्या डोळ्यात लालभडक डाग पडला होता आणि उजेडाकडे बघवत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बुबुळावर ओरखडे आलेत. पट्टी बांधावी लागली.

दिवस पार पडेपर्यंत दादा माझ्याशी कामापुरतं बोलला. तेराव्याला पंगती उठल्या, पाहुणे गेले, मी भांडी आवरत होते तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला. वहिनी त्याच्या मागे होती.

"आई गेली आणि तुझ्या डोळ्यांत टिपूस नाही," तो म्हणाला. "सगळ्या चाळीने पाहिलं."

मी म्हटलं, "मला पाणी येत नाही दादा. ऑपरेशन झाल्यापासून येत नाही. ऑपरेशनचं तुला माहीत आहे."

"ऑपरेशन नाकाचं झालं होतं तुझं."

मी त्याला समजावायला लागले. ती नस, ते धागे. ते शब्द माझ्या तोंडून बाहेर पडताना मलाच खोटे वाटायला लागले, घरचा अभ्यास न केलेल्या मुलाने सांगावेत तसे. तो ऐकत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर काही हलत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "आईला माहीत होतं. आईला विचार..." आणि तिथे थांबले.

"घाल आता सगळं आईवर," तो म्हणाला, आणि आत गेला.

वहिनी मात्र थांबली. तिने माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि म्हणाली की राहू दे, रविवारच्या पाहुणीने एवढं कशाला करायचं. वर्षानुवर्षं रोज आईचं सगळं तिने केलं होतं, तिला ते बोलायचा हक्क होता. पण तो तिने नेमका त्या दिवशी वापरला. मी हात पुसले आणि घरी आले.

पुढच्या आठवड्यात मी सर्जनांकडे गेले. वेळ घेतली नव्हती. बाहेर बसून राहिले, सगळे पेशंट संपल्यावर आत गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नाक वाहत नाही ना आता?"

"माझी आई गेली," मी म्हटलं. "मला रडता आलं नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले की धक्का बसला की होतं असं, भावना गोठतात, तुम्ही कुणाशी तरी बोलायला हवं. त्यांनी एका मानसोपचारतज्ज्ञाचं नाव सुचवलं. मी म्हटलं, भावना गोठल्या नाहीत, तुम्ही नस कापलीत. मी ओरडले नाही. वर्गात एखाद्या मुलाला त्याची चूक दाखवताना बोलते तशा आवाजात बोलले. त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि हा धोका सांगितलेला असतो, असं म्हणाले. 'असतो' म्हणाले. 'सांगितला होता' म्हणाले नाहीत. मी उठले. जिना उतरताना मला लढायचं होतं, तक्रार करायची होती, पण रस्त्यावर आल्याबरोबर उन्हाने डोळे इतके झोंबले की आधी टॅक्सी शोधावी लागली. नंतरही मी काही केलं नाही. डोळे सांभाळणं हेच एक पूर्णवेळ काम आहे, त्यातून भांडायला ताकद उरत नाही.

ऑपरेशननंतर दीड वर्षाने डाव्या डोळ्यात थोडं पाणी यायला लागलं. उजव्यात अजून नाही, येईल असं डॉक्टरीणबाईंनाही आता वाटत नाही. पहिल्यांदा आलं ते शाळेच्या स्टाफरूममध्ये, जांभई देताना. गालावर काहीतरी ओलं लागलं म्हणून मी वर छताकडे बघितलं, गळतंय की काय. मग कळलं. शेजारच्या बाई परीक्षेचे पेपर मोजत होत्या. मी त्यांना काही सांगितलं नाही. आईसाठी जे आलं नाही ते जांभईला आलं, हे कुणाला आणि कसं सांगणार?

त्यानंतर मी एका दुपारी मुद्दाम बसले. घरात कुणी नव्हतं. आईचा फोटो समोर घेतला आणि रडायचा प्रयत्न केला. डावा डोळा किंचित ओलावला, उजवा जळत राहिला. अर्ध्या चेहऱ्याने रडणारी बाई मला आरशात दिसली. मी फोटो कपाटात ठेवला आणि भाजी निवडायला घेतली.

नवऱ्याला डाव्या डोळ्याचं सांगितलं. तो म्हणाला, चला, सुधारतंय म्हणजे. त्याची गादी अजून बाहेरच्या खोलीत आहे.

गणपतीच्या आधी दादाचा फोन आला. बऱ्याच दिवसांनी. आईचं वर्ष सरलं, यंदा घरी मूर्ती आणतोय, ये म्हणाला. आवाजात राग नव्हता, जवळीकही नव्हती. आईने लावलेली रीत त्याने पाळली, एवढंच. ठेवता ठेवता त्याने विचारलं, "नाक कसं आहे?"

"नाक ठीक आहे," मी म्हटलं.

बरं, म्हणाला, आणि ठेवला.